इटालियन प्रौढांना 'गेट' शिकवताना

तोरिनोमध्ये, म्हणजे इंग्रजी नकाशांवर ज्याला ट्यूरिन म्हणतात त्या शहरात, मी प्रौढांच्या संध्याकाळच्या वर्गाला इंग्रजी शिकवते. वर्गाला येणारी माणसे दिवसभराचे काम उरकून आलेली असतात. त्यांत रुग्णालयातली परिचारिका असते, मोटारींचे सुटे भाग परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यातला कारकून असतो, निवृत्त हिशेबनीस असतात आणि लंडनमध्ये राहणाऱ्या नातवंडांशी बोलता यावे म्हणून आलेली एखादी आजीही असते. 'कौन्सिल ऑफ युरोप' या संघटनेने 2001 मध्ये भाषाज्ञानासाठी आखून दिलेल्या सहा पायऱ्यांच्या चौकटीत ही मंडळी साधारण बी-1 आणि बी-2 यांच्या मध्ये कुठेतरी बसतात. त्यांना बातमी वाचता येते, प्रवासाची हकिकत सांगता येते, तक्रारीचे पत्रही लिहिता येते. मात्र त्यांच्या वह्या तपासताना एक गोष्ट मला वारंवार दिसू लागली. इंग्रज माणूस ज्या क्रियापदावाचून सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस सांगूच शकत नाही, ते 'गेट' या मंडळींच्या लिखाणात जवळजवळ नव्हतेच.

ते चुकीचे वापरले जात असते तर काम सोपे झाले असते, कारण चुकीच्या वाक्यावर खूण करता येते. न वापरलेल्या शब्दावर लाल शाई कुठे लावणार? वाक्ये बहुधा व्याकरणात बसणारी असत. परवानगी 'ऑब्टेन' केलेली असे, पत्र 'रिसीव्ह' केलेले असे, घरी 'अराइव्ह' झालेले असे, अंधार 'बिकम' होत असे आणि बसमधून माणूस 'डिसेंड' होत असे. इटालियन माणसाला हे शब्द आपलेच वाटतात, कारण ओत्तेनेरे, रिचेवेरे, आर्रिवारे, शेन्देरे ही त्याची घरातली, स्वयंपाकघरातली क्रियापदे आहेत. इंग्रजीत मात्र लॅटिन किंवा फ्रेंच वाटेने आलेल्या शब्दांना बहुतेक वेळा कचेरीचा वास असतो. त्यामुळे इटालियन माणूस अगदी साधेपणाने बोलायला जातो आणि ऐकणाऱ्याला तो सरकारी परिपत्रक वाचून दाखवतो आहे असे वाटते. तोरिनो ज्या प्रांतात आहे त्या पीडमाँटमधल्या साठीपुढच्या अनेकांनी शाळेत परकी भाषा म्हणून इंग्रजी नव्हे, तर फ्रेंच शिकलेली असते, त्यामुळे ही सवय आणखी घट्ट होते.

आमच्याकडे वापरात असलेल्या पाठ्यपुस्तकात या क्रियापदासाठी अर्धे पान दिलेले आहे. त्यात एक तक्ता आहे: डावीकडे 'गेट' असलेली वाक्ये आणि उजवीकडे त्यांचे इटालियन प्रतिशब्द, म्हणजे मिळवणे, विकत घेणे, पोचणे, होणे, समजणे, आणून देणे वगैरे. तक्त्यातला प्रत्येक शब्द बरोबर आहे, पण बोलताना त्याचा उपयोग होत नाही, कारण बोलणारा आधी मनात इटालियन क्रियापद शोधतो आणि ते सापडले की त्याचेच इंग्रजी रूप त्याच्या तोंडी येते. 'गेट'पर्यंत यायचे कारणच उरत नाही. तक्ता वाचून झाल्यावर परिचारिकाबाईंनी विचारलेला प्रश्न मला अजून पटतो. त्या म्हणाल्या, "प्रोफ, एवढी सगळी कामे एकट्याने केली तर इंग्रजांची बाकीची क्रियापदे दिवसभर करतात तरी काय?"

मी मराठी माध्यमात शिकले आणि पाचवीत इंग्रजी सुरू झाल्यावर 'टु गेट म्हणजे मिळणे, मिळवणे' एवढेच पाठ केले. पुढे बऱ्याच वाचनानंतर माझ्या मनात जी घडी बसली ती मात्र 'मिळणे'ची नव्हती, तर 'असणे' आणि 'होणे' या जोडीची होती. मराठीत आपण ओला असतो आणि ओला होतो, उशीर झालेला असतो आणि उशीर होत असतो. स्थिती वेगळी आणि त्या स्थितीत शिरणे वेगळे. इंग्रजीत 'बी' आणि 'हॅव' ही स्थितीची क्रियापदे आहेत आणि त्या दोघांच्याही दारात उभे असलेले क्रियापद 'गेट' आहे. रागात असणे 'बी', रागावणे 'गेट'. घरी असणे 'बी', घरी पोचणे 'गेट'. पत्र जवळ असणे 'हॅव', पत्र हाती येणे 'गेट'. तक्त्यातले पोचणे, होणे, मिळणे हे वेगवेगळे अर्थ नसून, पुढे विशेषण आले, स्थळ आले की वस्तू आली यावर ठरणाऱ्या एकाच हालचालीच्या तीन बाजू आहेत. हे वर्गाला सांगायचे मी ठरवले, पण मराठीतले होणे त्यांच्या काय उपयोगाचे? त्यांच्याच भाषेत असा एखादा सांधा शोधणे भाग होते.

तो सांधा आम्हांला कारखान्यातल्या कारकुनाच्या एका वाक्यात सापडला. स्वतःविषयी चार ओळी बोलायला सांगितल्यावर तो म्हणाला, "आय अ‍ॅम मॅरिड इन 1994." वर्गात कुणालाच त्यात वावगे वाटले नाही. इटालियनमध्ये 'सोनो स्पोसातो' म्हणजे मी विवाहित आहे आणि 'मि सोनो स्पोसातो' म्हणजे माझे लग्न झाले, मी लग्न केले. दोन्हींत 'सोनो' आहे, म्हणजे इंग्रजीतल्या 'अ‍ॅम'चा सख्खा भाऊ. फरक आहे तो सुरुवातीच्या इवल्याशा 'मि'चा. बोलताना तो 'मि' इंग्रजीत आणायला जागाच सापडत नाही, म्हणून तो गळून पडतो, आणि लग्न होण्याची घटना व लग्न झालेले असण्याची स्थिती ही दोन्ही एकाच वाक्यात कोंबली जातात. मी फळ्यावर दोन्ही इटालियन वाक्ये एकाखाली एक लिहिली, 'मि'भोवती वर्तुळ काढले आणि त्याच्या समोर इंग्रजी वाक्यात 'गॉट' लिहून त्याभोवतीही वर्तुळ काढले. कारकून थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिला, मग त्याने वहीत तीच दोन वर्तुळे काढली आणि खाली स्वतःच लिहिले: 'आय गॉट मॅरिड इन 1994, आय अ‍ॅम मॅरिड.' दोन्हींच्या मध्ये त्याने बाण काढला होता. तो बाण मी सांगितलेला नव्हता.

त्यानंतरचे काम बरेच सुकर झाले, कारण इटालियनमध्ये शेवटी 'सी' लागणाऱ्या क्रियापदांचे एक मोठे कुळ आहे आणि त्यातली कितीतरी या साच्यात बसतात. आर्राब्यार्सी म्हणजे चिडणे, पेर्देर्सी म्हणजे वाट चुकणे, वेस्तीर्सी म्हणजे कपडे करणे, बान्यार्सी म्हणजे भिजणे, आम्मालार्सी म्हणजे आजारी पडणे, आबितुआर्सी म्हणजे सवय होणे. या प्रत्येकासाठी इंग्रज माणूस 'गेट' घेतो आणि पुढे अँग्री, लॉस्ट, ड्रेस्ड, वेट, इल किंवा यूज्ड टु लावतो. हे जमल्यावर आजीबाईंनी दुसऱ्या कुळाकडे बोट दाखवले. म्हातारे होणे याला त्यांच्याकडे इन्वेक्यारे हे एकच क्रियापद आहे, तसेच जाड होणे इन्ग्रास्सारे, बारीक होणे दिमाग्रीरे, सुधारणे मिल्योरारे. इटालियन भाषा विशेषणालाच क्रियापद करून टाकते, तर इंग्रजी विशेषण आहे तसेच ठेवून त्याच्यापुढे 'गेट' उभे करते. त्यामुळे हा सांधा 'सी'पेक्षा थोडा अवघड आहे, कारण इटालियन कानाला एका शब्दाचे दोन करावे लागतात.

याच साच्याची एक मर्यादा वर्गाला फार हसवून गेली. हिशेबनीस गृहस्थांचा मुलगा नुकताच वकील झाला होता आणि नव्याने शिकलेले क्रियापद वापरण्याच्या उत्साहात ते अभिमानाने म्हणाले, "माय सन गॉट अ लॉयर." वकील होण्याच्या अर्थाने ते बोलले, पण इंग्रज माणूस हे ऐकून मुलाची चौकशी करील, कारण या वाक्याचा अर्थ मुलाने वकील केला, म्हणजे तो कसल्यातरी भानगडीत सापडला आहे, असा होतो. 'होणे' या अर्थाचे 'गेट' पुढे विशेषण मागते. नाम आले की ते ताबडतोब 'मिळणे'कडे वळते, आणि डॉक्टर, वकील, आजोबा व्हायचे असेल तर 'बिकम'ला पर्याय राहत नाही. हा नियम पाठ्यपुस्तकात होता, पण हिशेबनिसांच्या वाक्यानंतर तो मला दुसऱ्यांदा सांगावा लागला नाही.

मला स्वतःला सर्वांत रस वाटला तो पुढच्या टप्प्यात. इटालियनमध्ये भूतकाळाची दोन रूपे रोजच्या वापरात आहेत. एक चालू असलेली स्थिती सांगते आणि दुसरे घडून गेलेली घटना सांगते. 'सापेवो' म्हणजे मला माहीत होते आणि 'ओ सापूतो' म्हणजे मला कळले. 'कोनोशेवो' म्हणजे माझी ओळख होती आणि 'ओ कोनोश्यूतो' म्हणजे ओळख झाली. 'आवेवो पाऊरा' म्हणजे मला भीती वाटत होती आणि 'ओ आवूतो पाऊरा' म्हणजे मला भीती वाटली, मी घाबरले. 'ओ आवूतो इल पेर्मेस्सो' म्हणजे परवानगी मिळाली. इंग्रजी ज्या कामासाठी क्रियापद बदलते, तेच काम इटालियन भाषा केवळ काळ बदलून करते. म्हणजे 'हॅव' आणि 'गेट' यांतला फरक या मंडळींना लहानपणापासून माहीत आहे, फक्त तो त्यांच्याकडे क्रियापदात नसून काळात दडलेला आहे. हे मी फळ्यावर मांडले तेव्हा नेहमी शेवटच्या बाकावर बसणाऱ्यांनीही वह्या उघडल्या.

हिशेबनिसांनी मात्र तिथल्या तिथे हिशेब तपासला. त्यांचे म्हणणे असे की, 'तीन दिवस मला ताप होता' हेही इटालियनमध्ये 'ओ आवूतो' वापरूनच सांगतात, मग तिथे 'गॉट' म्हणायचे का? नाही म्हणायचे. तिथे साधे 'हॅड'च येते, कारण किती दिवस हे सांगितले की घटनेची एक बंद पेटी तयार होते आणि तापात शिरण्याचा क्षण मागे पडतो. त्यांचा आक्षेप योग्य होता आणि त्याने एक उपयुक्त कसोटीही मिळाली: वाक्यात 'किती वेळ' असेल तर 'हॅड' आणि 'केव्हा, कधी एकदाचे' असेल तर 'गॉट'. ही कसोटी शंभर टक्के चालते असा माझा दावा नाही, पण बोलण्याच्या ओघात एवढी पुरते.

मग हालचालीची पाळी आली. तोरिनोची भुयारी रेल्वे 2006 मध्ये सुरू झाली आणि तिची पहिली मार्गिका पोर्ता सूझा व पोर्ता नुओव्हा या दोन्ही मोठ्या स्थानकांवरून जाते, त्यामुळे सरावासाठी वाक्यांची कमतरता नव्हती. पोर्ता नुओव्हाला कसे जायचे हे इंग्रजीत विचारताना 'गेट टु' हाच स्वाभाविक प्रयोग आहे, कारण प्रश्न चालण्याचा नसून पोचण्याचा असतो. चढणे-उतरणे याला इटालियनमध्ये सालीरे आणि शेन्देरे ही दोन क्रियापदे पुरतात, वाहन कोणतेही असो. इंग्रजीत 'गेट'च्या पुढचा छोटा शब्द वाहनाप्रमाणे बदलतो: बस, आगगाडी, विमान, बोट यांत 'ऑन' आणि 'ऑफ', तर मोटार आणि टॅक्सी यांत 'इन' आणि 'आउट ऑफ'. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्यात 'ऑन', ज्यात वाकून बसावे लागते त्यात 'इन', आणि सायकल किंवा घोडा यांवर तर अक्षरशः वरच बसायचे असल्याने पुन्हा 'ऑन', असे मी सांगते, आणि आजवर तरी त्याने दगा दिलेला नाही.

इथे वर्गातल्या दक्षिणी घरांचा अनपेक्षित आधार मिळाला. 1950 आणि 60 च्या दशकांत पुल्या, कलाब्रिया, सिसिली या भागांतून असंख्य कुटुंबे इथल्या मोटार कारखान्यांत कामासाठी आली, आणि माझ्या वर्गातही त्यांची मुले-नातवंडे असतात. दक्षिणेकडच्या बोलीत कुत्र्याला खाली न्यायला 'शेन्दी इल काने', म्हणजे शब्दशः 'कुत्र्याला उतर', असे सर्रास म्हणतात, आणि दूध फ्रिजमधून बाहेर काढायला 'एशी इल लात्ते', म्हणजे 'दूध निघ', असे म्हणतात. प्रमाण इटालियनमध्ये ही क्रियापदे अकर्मक आहेत, म्हणून शाळेत अशा वाक्यांबद्दल बोलणी खावी लागतात. 1583 पासून फ्लोरेन्समध्ये भाषेचे काम करणाऱ्या अकादेमिआ देल्ला क्रुस्का या संस्थेने अशा प्रयोगांविषयी दिलेल्या एका उत्तरावरून 2019 च्या जानेवारीत वृत्तपत्रांत मोठा गदारोळही झाला होता. इंग्रजी 'गेट' नेमके हेच करते. आपण स्वतः बाहेर पडलो तर 'गेट आउट', दूध बाहेर काढले तर 'गेट द मिल्क आउट'. आपण खाली उतरलो तर 'गेट डाउन', बॅग खाली काढली तर 'गेट द बॅग डाउन'. परिचारिकाबाईंचे आईवडील पुल्यातल्या फोज्जाचे. आयुष्यभर ज्या वाक्याबद्दल शिक्षकांनी टोकले, तेच इंग्रजीत व्याकरणशुद्ध निघाल्याचा आनंद त्यांनी लपवला नाही. मूळच्या पीडमाँटी मंडळींकडेही काही कमी नव्हते, कारण उत्तर इटलीच्या बोलीत 'तिरार सू', 'मेत्तेरे व्हीया', 'बुत्तारे जू' असे क्रियापदाला दिशा जोडून केलेले प्रयोग भरपूर आहेत. त्यांना 'गेट अप' आणि 'गेट अवे' परके वाटत नाहीत.

दुसऱ्याकडून काम करून घेण्याचा अर्थ मात्र अपेक्षेपेक्षा जास्त वेळ खाऊन गेला. इटालियन बाई केशकर्तनालयातून बाहेर पडली की 'मि सोनो ताल्याता इ कापेल्ली' म्हणते, म्हणजे मी माझे केस कापले. कात्री कुणाच्या हातात होती हे सांगायची तिला गरज वाटत नाही. मराठीतही आपण 'केस कापले' म्हणतो आणि न्हाव्याचा उल्लेख करत नाही. इंग्रजीत हेच शब्दशः बोलले तर आरशासमोर स्वतःच कात्री चालवल्याचे चित्र उभे राहते, म्हणून 'आय गॉट माय हेअर कट' हा क्रम लागतो: आधी वस्तू, मग तिचे काय झाले ते. मोटार दुरुस्त करून घेतली हे सांगताना इटालियन माणूस 'ओ फात्तो रिपारारे ला माक्किना' म्हणतो, आणि त्याचे जसेच्या तसे 'आय मेड रिपेअर द कार' होते. शब्द सगळे इंग्रजी, पण क्रम इटालियन. त्यावर उपाय म्हणून मी कागदाच्या पट्ट्यांवर शब्द लिहून आणले आणि मोटारीची पट्टी दुरुस्तीच्या पट्टीच्या पुढे हाताने उचलून ठेवायला लावली. प्रौढ माणसांना हा खेळ पोरकट वाटेल अशी मला शंका होती, पण बोटांनी क्रम बदलला की जीभही बदलते, हे मी पूर्वीही पाहिले आहे. पाकीट मारले गेले हे सांगतानाही हीच पट्टी कामी आली. इटालियनमध्ये 'मि आन्नो रुबातो इल पोर्ताफोल्यो', म्हणजे 'त्यांनी माझे पाकीट चोरले', असे म्हणतात. ते इंग्रजीत आणताना 'आय वॉज स्टोलन', म्हणजे मलाच चोरून नेले, असे काहीतरी होते. 'आय गॉट माय वॉलेट स्टोलन' या वाक्यात पाकीट आधी येते आणि माणूस शाबूत राहतो.

वर्गातल्या एका तरुणाने विचारले की, हे क्रियापद आले कुठून? व्युत्पत्तीने बोलणे सुधारत नाही हे मान्य, पण या वेळी उत्तर सांगण्यासारखे होते. 'गेट' मूळचे इंग्रजी नाही. ते स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतल्या 'गेता' या क्रियापदावरून इंग्रजीत रुळले. इंग्रजीकडे त्याच कुळातले स्वतःचे रूप होते, पण ते 'फरगेट' आणि 'बिगेट' अशा जोडशब्दांतच टिकले. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ पकडणे, हाती घेणे असा आहे, आणि तोच धातू लॅटिनमधल्या 'प्रेहेन्देरे'मध्ये आहे, ज्यापासून इटालियन 'प्रेन्देरे' आले. लॅटिनचा 'ह' आणि जर्मानिक भाषांचा 'ग' यांची अशी अदलाबदल नियमाने होते. म्हणजे 'गेट' आणि 'प्रेन्देरे' ही दूरची भावंडे. आणि रोजच्या वापरात खरोखरच त्यांचे चेहरे जुळतात: गाडी पकडणे, सर्दी होणे, परीक्षेत गुण पडणे, कॉफी घेणे या सगळ्यांना इटालियन माणूस 'प्रेन्देरे' म्हणतो. विद्यापीठाच्या परीक्षा तिथे तीसपैकी असतात आणि 'ओ प्रेसो व्हेन्तोत्तो' म्हणजे मला अठ्ठावीस पडले. इंग्रजीत मात्र 'टेक' म्हटले की परीक्षा दिली जाते, गुण मिळत नाहीत, त्यासाठी 'गॉट'च हवे. तेव्हापासून कुणी 'आय टुक ट्वेंटी-एट' म्हणाले की वर्गातूनच कुणीतरी "भावंड, भावंड" असे ओरडते.

हे क्रियापद कुठे वापरू नये हेही सांगणे आवश्यक होते. जुन्या पिढीतले इंग्रज शिक्षक निबंधातून 'गॉट' खोडून काढत असत. आजही अर्ज, अहवाल, करार अशा ठिकाणी 'रिसीव्ह' आणि 'ऑब्टेन' हेच शोभतात. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांचे लॅटिन वळणाचे इंग्रजी टाकाऊ नाही, कचेरीच्या कामात ते त्यांना इतरांपेक्षा पुढे ठेवते. कारकुनाला मी एकाच मजकुराची दोन पत्रे लिहायला सांगितली: एक ब्रिटिश ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागाला आणि दुसरे त्याच कंपनीतल्या, ज्याच्याशी त्याची फोनवर थट्टामस्करी चालते अशा सहकाऱ्याला. माल पोचला, कागद मिळाले, सीमाशुल्काची परवानगी मिळाली, उशीर होत आहे, या चारही गोष्टी पहिल्या पत्रात चार वेगवेगळ्या क्रियापदांनी आल्या आणि दुसऱ्यात एकाच. दुसरे पत्र वाचून तो म्हणाला की, हे लिहिताना आळशीपणा केल्यासारखे वाटते. इटालियन शाळेत एकाच निबंधात शब्दाची पुनरावृत्ती हा मोठा दोष मानला जातो, त्यामुळे त्याचे वाटणे समजण्यासारखे आहे. इंग्रजी संभाषणात तो दोष धरत नाहीत.

अमेरिकी 'गॉटन'चा प्रश्न ओघाने आलाच. तिकडे 'आय हॅव गॉटन' म्हणजे मिळाले आणि 'आय हॅव गॉट' म्हणजे जवळ आहे, अशी सोयीची वाटणी आहे. आजच्या ब्रिटिश वापरात दोन्हीला बहुधा 'गॉट'च चालते. एवढे सांगून मी पुढे गेले, कारण माझ्या वर्गाची अडचण बोलण्याइतकीच ऐकण्याचीही होती. इटालियन शब्द बहुधा स्वराने संपतात, म्हणून तोंडात 'गेत्त' असे होते आणि शेवटी एक पुसट स्वर चिकटतो. उलट इंग्रजांच्या वेगवान बोलण्यात 'गेट'चा शेवट पुढच्या शब्दात विरघळतो. अमेरिकी तोंडी 'गेट अ' हे 'गेडा' असे ऐकू येते आणि माझ्या आजीबाईंना तो एखादा नवीनच शब्द वाटला होता.

क्रियापद आणि अव्यय मिळून होणाऱ्या जोड्यांच्या, म्हणजे 'गेट ओव्हर', 'गेट बाय', 'गेट अलाँग', 'गेट रिड ऑफ' वगैरेंच्या याद्या मी पाठ करायला दिल्या नाहीत. त्या वाचनात भेटतील तशा घ्याव्यात असे माझे मत आहे. फक्त एकदा, वर्ग कंटाळलेला असताना, मी त्यांना त्यांच्याच भाषेतली 'कावार्सेला', 'प्रेन्देर्सेला', 'फार्चेला' ही क्रियापदे फळ्यावर लिहून दाखवली. पहिल्याचा अर्थ निभावून नेणे, दुसऱ्याचा मनाला लावून घेणे, तिसऱ्याचा जमवणे. शेवटचे 'ला' कुणाला उद्देशून आहे हे मला तोरिनोत आल्यापासून कुणीही सांगू शकलेले नाही. पोलितेक्निको या इथल्या तंत्रविद्यापीठात शिकायला आलेल्या मराठी मुलांनाही तिथेच अडायला होते. वर्गात कुणाला मराठीविषयी कुतूहल वाटले, तर मी त्यांना 'लागणे' दाखवते. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, वेळ लागतो, दार लागते, मूल चालू लागते आणि ती बाई आपली मावशी लागते. हे ऐकल्यावर 'गेट'बद्दलची कुरकुर काही काळ थांबते.

वर्गातले काहीजण केंब्रिजच्या बी-2 परीक्षेची तयारी करत होते. तिच्या एका भागात दिलेल्या वाक्याचाच अर्थ सांगणाऱ्या दुसऱ्या वाक्यातली मोकळी जागा, एक ठरावीक शब्द न बदलता वापरून, दोन ते पाच शब्दांत भरायची असते. त्या भागासाठी मी स्वतः वाक्ये तयार केली आणि ठरावीक शब्द प्रत्येक वेळी 'गॉट' ठेवला. भावाला डॉक्टरकडे जायला राजी केले, या वाक्याचे 'गॉट माय ब्रदर टु सी अ डॉक्टर' व्हायला हवे. इथे 'टु' विसरणे ही इटालियन माणसाची हमखास सवय आहे, कारण त्याच्या 'फारे'ला मधे असले काही लागत नाही. काम करून घेताना समोर माणूस असेल आणि त्याची समजूत घालावी लागली असेल तर 'टु' येतो, मोटार असेल तर समजुतीचा प्रश्न नाही आणि 'टु'ही नाही, असे मी म्हणते. व्याकरणाच्या पुस्तकात हे असे लिहिलेले नसते, पण परीक्षेत पुरते.

एक उपयोग मात्र अजून या वर्गाच्या तोंडी बसलेला नाही, आणि तो म्हणजे संधी मिळण्याचा: 'आय गॉट टु सी द बेबी'. यात बाळ पाहिले एवढेच नाही, तर पाहायला मिळाले हे सांगायचे असते. इटालियनमध्ये त्यासाठी 'संधी होती' किंवा 'जमले' असे वळसे घ्यावे लागतात, शिवाय 'हॅव गॉट टु' म्हणजे 'केलेच पाहिजे' याच्याशी त्याचा गोंधळ होतो. आजीबाईंनी लंडनहून परत आल्यावर सांगितले की, "आय हॅव गॉट टु सी द बेबी," आणि ऐकणाऱ्याला त्या अजून निघायच्याच आहेत असे वाटले. मराठीत 'पाहायला मिळाले' इतके सरळ असलेले हे वाक्य त्यांच्यासाठी कुठल्या सांध्याला जोडावे, हे मी अजून शोधते आहे. तूर्त वसंतातल्या सत्राच्या टिपणांत त्याला वेगळे पान ठेवले आहे.